गच्चीवरचं ठिबक

गारखेडा, औरंगाबाद
१३ फेब्रुवारी १९९४

श्री. बन्सी रामकिसन गव्हाणे यांस,
नमस्कार.

पाकिटावर तुमचं नाव लिहिणं भागच होतं. मग आत तरी कशाला टाळायचं, असं वाटून इथंही लिहिलं. याआधी तुमचं नाव मी लग्नातल्या उखाण्यात घेतलं होतं, तेही आत्याबाईंनी दार अडवून ठेवलं म्हणून.

परवा संध्याकाळी मी मेथी निवडत बसले होते आणि रेडिओवर शेतीचा कार्यक्रम लागला होता. माझा शेतीशी आता काही संबंध नाही, पण घरात कुणाचा तरी आवाज असला की बरं वाटतं. निवेदक म्हणाला, सोयगाव तालुक्यातले एक शेतकरी आज केळीच्या ठिबकाबद्दल सांगतील. नाव सांगायच्या आधीच तुम्ही घसा खाकरलात आणि मी मेथीची जुडी खाली ठेवली. इतक्या वर्षांनी आवाज थोडा जाड झाला आहे, खाकरणं मात्र तेच आहे. तुम्ही पहिली दोन वाक्यं पुस्तकातल्यासारखी बोललात. मग निवेदकानं विचारलं की पाटानं पाणी देण्यात काय वाईट आहे, तेव्हा तुम्ही शुद्ध बोलणं सोडून दिलंत. "रानाला नाय, झाडाला पाणी द्या" असं म्हणालात. ते मला आवडलं. पूर्ण ऐकलं.

पत्र लिहिण्याचं कारण तेच आहे. मी गेल्या वर्षी घाटी दवाखान्यातून रिटायर झाले. इथं गारखेड्याला व्यंकटराव आणि दमयंतीबाई यांच्या घरात वरच्या दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहते. व्यंकटराव कोर्टात होते. माणसं चांगली आहेत. खोल्यांसमोर मोठी गच्ची आहे आणि त्या गच्चीवर माझी बाग आहे. बाग म्हणजे तेलाचे डबे, फुटक्या बादल्या, दवाखान्यातनं मोडीत निघालेली दोन टबं आणि थोड्या कुंड्या. त्यात वांगी, मिरची, कढीपत्ता, मोगरा, हळद, एक दोडक्याचा वेल असं सगळं आहे. मी तांब्यानं पाणी घालते. डब्यांना खाली भोकं आहेत, त्यातून जास्तीचं पाणी गच्चीवर येतं आणि आता व्यंकटरावांच्या बैठकीच्या छताला ओल आली आहे. त्यांनी मला खाली बोलावून नाही, स्वतः जिना चढून येऊन सांगितलं की सिस्टर, उन्हाळा लागायच्या आत हे सगळं हलवा. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं.

तर विचारायचं होतं ते असं, की ठिबक अशा डब्यांना लावता येतं का? थेंब थेंब पाणी गेलं तर खाली वाहून जाणार नाही, असं मला वाटतं. तुम्ही रेडिओवर केळीच्या बागेचं सांगितलंत. डब्यांचं कोणी विचारलंच नाही.

सारजाबाई गेल्याचं मला कळलं होतं. तेव्हा पत्र लिहायला घेतलं होतं. मायना सुचला नाही. माझ्यामागून तुमच्या घरात आलेलं माणूस गेलं, त्याचं मला वाईट वाटलं, हे आज लिहिते.

काही डबे देऊन टाकता येतील. सगळे नाहीत.

वच्छला


गारखेडा
६ मार्च १९९४

श्री. बन्सीराव यांस,
नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. त्यात "पत्र पावलं" आणि "कळावे" या दोन शब्दांच्या मधे फक्त नळीच नळी आहे. तब्येत, पाऊसपाणी, काही नाही. पण नळीचं जे लिहिलंत ते इतकं नीट आहे की राग येऊनही पत्र परत परत वाचावं लागलं. डब्यांच्या शेतीला तुम्ही हसलात हे मला त्या "आपली ही डबाशेती" यावरून कळलं. हसा.

तुम्ही सांगितलेलं सामान इथं शहागंजात मिळतं का बघायला वेळ लागला असता, म्हणून मी आधी माझ्या अकलेनं एक प्रयोग केला. आमच्या ओळखीच्या औषधाच्या दुकानात मुदत संपलेले सलाईनचे सेट पडून होते, ते मागून आणले. जन्म त्यात गेला. थेंब मोजायचा, चाक फिरवून कमीजास्त करायचा, यात मला कोण शिकवणार? एक पिंप लोखंडी कॉटवर चढवलं, त्यातून मोठी रबरी नळी काढली आणि तिला सेट जोडले. एकेका डब्यात एकेक सुई नसलेली नळी सोडली. दमयंतीबाई बघायला वर आल्या आणि म्हणाल्या, वच्छलाबाई, तुम्ही तर वॉर्डच उघडला. खरंच तसं दिसत होतं. वांगी, मिरच्या सगळे ॲडमिट.

पहिल्या दिवशी फार छान चाललं. नंतर आपल्या इथल्या पाण्यातल्या क्षारानं सेट चोंदायला लागले. एक सुरू केला की दुसरा बंद. मोगरा कोरडा आणि त्याच्या शेजारची मिरची पाण्यात बुडालेली. मी चाकं सैल करून दवाखान्यात माझ्या पेन्शनच्या कागदासाठी गेले, तेवढ्यात पिंपाची मोठी नळीच निसटली. पाणी गच्चीवरून पन्हाळीनं खाली अंगणात, आणि अंगणात दमयंतीबाईंचे उडदाचे पापड. मी परत आले तेव्हा त्या पापड पुसत होत्या. पापड पुसता येत नाहीत. त्या रागावल्या नाहीत. व्यंकटराव मात्र पुन्हा छताचं सांगायला वर यायला निघाले होते, त्यांना दमयंतीबाईंनीच थोपवलं. संध्याकाळी मी नव्यानं उडीद डाळ दळून आणली आणि आम्ही दोघींनी मिळून पापड लाटले. गप्पा चांगल्या झाल्या.

तेव्हा सलाईनचा नाद सोडला. तुम्ही विचारलेल्या गोष्टींची उत्तरं अशी: ऊन सकाळपासून दुपारच्या चहापर्यंत. पिंप कमरेच्या वर आहे. नळाला पाणी एक दिवसाआड येतं, कधी दोन दिवसांआड, आणि ते खालच्या हौदात येतं, वर चढत नाही. वर मी बादलीनं नेते. म्हणजे नेत होते. सध्या मला बादली उचलायची नाही, म्हणून दूधवाल्याला सांगून दोन दोन बादल्या चढवून घेते. असं किती दिवस चालणार? झाडाला पाणी थेंबानं गेलं तरी पिंप कोणीतरी भरावंच लागतं, हे मला पिंप चढवल्यावर सुचलं. यावर काही उपाय असला तर कळवा.

बादली का उचलायची नाही, ते विचारू नका. वयाचंच आहे.

वच्छला


गारखेडा
२८ मार्च १९९४

बन्सीराव यांस, नमस्कार.

तुमचा कडूबा येऊन गेला.

तुम्ही पार्सल एसटीनं पाठवाल असं मी धरून चालले होते. दारात उंच, सावळा, मिशीवाला माणूस काळ्या नळीचं वेटोळं खांद्यावर घेऊन उभा राहिला, तेव्हा मला वाटलं नळ दुरुस्त करणारा आला. तो नुसता हसत उभा होता. मग वाकून पाया पडला. कान तुमचे आहेत त्याचे.

त्यानं मला काही करू दिलं नाही असं नाही. शिकवलं आणि माझ्याकडून करून घेतलं, हे मला पटलं. पिंपाच्या तोंडाशी जाळीची गाळणी बसवली, म्हणजे कचरा नळीत शिरत नाही. गच्चीच्या कडेनं मोठी काळी नळी फिरवली, तिचं शेवटचं टोक दुमडून कडीत अडकवलं. मग मोठ्या नळीला भोकं पाडून त्यात बारीक नळ्या खोचल्या, एकेका डब्याला एकेक. मी सगळ्या सारख्या कापत होते. तो म्हणाला, तशा नाही कापायच्या. पिंपाजवळच्या डब्याला लांब नळी द्यायची आणि लांबच्या डब्याला आखूड, म्हणजे लांब नळीत पाणी रखडतं आणि सगळ्यांना सारखं मिळतं. तुम्ही त्याला हे सांगून पाठवलं होतं म्हणे. कॉक उघडला आणि आम्ही दोघं एकेका डब्याशी जाऊन बघत होतो. सगळीकडे थेंब. दोडक्याच्या डब्यात सगळ्यात शेवटी आला, तर त्यानं टाळी वाजवली. अठ्ठावीस वर्षांचा बाप्या.

डब्यांत वर वाळका पाला पसरायला सांगून, दुपारी कॉक बंद ठेवायला सांगून तो जेवायला बसला. काळी नळी उन्हात तापते आणि गरम पाणी मुळांना जातं, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी. मी ते भिंतीवर खडूनं लिहिलं आहे.

मग जेवताना जे झालं ते तुम्हाला सांगायला पाहिजे. नाही सांगितलं तर तो सांगेल, आणि त्याच्या तोंडून अर्धं राहील.

मी त्याला दोडक्याची भाजी वाढली. त्यानं घास घेतला आणि म्हणाला, "हा आमच्या घरचा दोडका हाय. मायच्या बियाचा."

तो गच्चीकडे बघत बसला आणि म्हणाला, "हळद बी आपलीच. मोगरा बी. माय मला सांगून गेली व्हती. म्हणायची, तू मोठ्या मायच्या हातात जन्मला."

मला तो मोठी माय म्हणतो, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

तेव्हा ऐका. सारजाबाईंना तुम्ही बाळंतपणाला घाटीत आणलंत तेव्हा दुपारची वेळ होती आणि प्रसूतीच्या वॉर्डात मी ड्यूटीवर होते. कागदावर गव्हाणे वाचलं आणि मी ओळखलं. त्याआधी त्यांची दोन बाळं गेली होती. यावेळीही बाई पांढरी पडली होती. दुसऱ्या सिस्टरला ड्यूटी देता आली असती. मी नाही दिली. सलाईन मी लावलं, रक्त मी आणवलं, आणि पोरगं रडलं ते माझ्या हातात. मग मी त्यांना सांगितलं की मी कोण. मला वाटलं होतं त्या तोंड फिरवतील. त्यांनी माझं मनगट धरलं आणि झोप लागेपर्यंत सोडलं नाही. तुम्ही बाहेर जिन्याशी होता, आत आला नाहीत. दुसऱ्या सिस्टरनं तुम्हाला मुलगा झाल्याचं सांगितलं. मला तेव्हा वाटलं, माझ्यामुळंच आला नाहीत.

पुढं त्या दरसाल काहीतरी पाठवत राहिल्या. तुमच्या गावचा कोणी पेशंट आला की त्याच्या पिशवीत माझ्यासाठी ओल्या फडक्यात गुंडाळलेली मोगऱ्याची काडी, नाहीतर पुडीत बिया, नाहीतर हळदीचं कांडं. चिठ्ठी कधी नाही, त्यांना लिहिता येत नव्हतं. मी परत औषधं पाठवायचे. गच्चीवरची निम्म्याहून जास्त बाग ही त्यांची आहे. आता कळलं असेल, की व्यंकटरावांनी हलवा म्हणल्यावर सगळेच डबे मी का हलवू शकत नव्हते. त्या गेल्यावर तर नाहीच.

हे मी तुमच्यापासून लपवलं असं मला वाटत नाही. तुम्ही विचारलं नव्हतं. सारजाबाईंनी सांगितलं की नाही, ते त्यांचं त्यांना माहीत.

माझ्याबद्दल म्हणाल तर माझ्या मनात तुमच्या दुसऱ्या लग्नाची तेढ आता राहिलेली नाही. पूर्वी होती. मी इथं नर्सिंगच्या शिक्षणाला आले, शिक्षण झाल्यावर नोकरी धरली, तुमच्या घरच्यांनी परत बोलावलं, मी आले नाही, आणि त्यांनी दुसरी सून आणली. तुम्ही एकदा येऊन समोर सांगितलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच. मामांकडून कळलं.

जाताना कडूबानं माझ्या हातातली बादली ओढून घेतली आणि नको ते विचारलं. त्याला मी काय सांगितलं ते माझ्यात आणि त्याच्यात आहे. तुम्ही त्याला खोदून विचारू नका.

छत वाळतं आहे. व्यंकटराव रोज मान वर करून बघतात.

वच्छला


[पोस्टकार्ड]
गारखेडा, ९ एप्रिल १९९४

बन्सीराव यांस, न. वि. वि.
ठिबक उत्तम चालू आहे. पहिली वांगी काढली, दमयंतीबाईंना दिली. मी काही दिवस करमाडला मामांच्या मुलाकडे जाते आहे, तेव्हा पत्र येणार नाही. काळजी नसावी. डब्यांकडे दमयंतीबाई बघतील.
वच्छला


घाटी, स्त्रियांचा वॉर्ड
२२ एप्रिल १९९४

बन्सीराव यांस,
मुक्काम माझं घर.

हे पत्र दमयंतीबाईंच्या हाती देते आहे. त्या जेवणाचा डबा घेऊन येतात आणि परत जाताना बागेची हकीकत माझ्याकडं आणि माझी हकीकत बागेकडं, अशा खेपा घालतात.

करमाडला गेले नाही हे तुम्हाला कळलंच आहे. कडूबाला मी देवाची शपथ घातली होती, तरी त्यानं सांगितलं. सारजाबाईंचा मुलगा आहे, गप्प बसता येईल असं वाटलं होतं. हर्निया होता. मोठं काही नव्हतं, पण बेंबीशी गोळा यायचा आणि बादली उचलली की दुखायचं. ऑपरेशन नीट झालं, टाके वाळत आहेत. शिकाऊ मुली मला अजून सिस्टर म्हणूनच हाक मारतात आणि मी झोपल्या झोपल्या त्यांना बँडेज कसं बांधायचं ते सांगते. त्या वैतागल्या असतील.

मी तुम्हाला बोलावलं नव्हतं. दमयंतीबाई म्हणाल्या, पाहुणे आले आणि किल्ली मागितली, आम्ही कोण म्हणून विचारलं तर म्हणाले, "ठिबकवाला". त्यावर व्यंकटरावांनी किल्ली दिलीसुद्धा. मग तुम्ही त्यांची जुनी मोटर माळ्यावरून काढायला लावलीत, हौदात पाइप टाकून गच्चीपर्यंत नेलात, आणि आता बटण दाबलं की पिंप भरतं. व्यंकटराव स्वतः बटण दाबतात असं ऐकते. म्हणजे पिंप भरायचा प्रश्न तुम्ही सोडवला आणि वर डब्यांचे शत्रूही आपल्याकडे वळवले. हे तुम्हाला पत्रात लिहिता आलं असतं. पण आलात ते बरं केलंत. मोटर मला एकटीला काढता आली नसती.

गच्चीवर झोपता म्हणे. आत झोपा. पंखा आहे.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. वॉर्डातली सिस्टर सांगत होती की एक धोतरवाले आजोबा रोज भेटीच्या वेळी येतात, जिन्याच्या वरच्या पायरीशी बसतात, केळीची पिशवी तिच्याकडे देतात आणि जातात. दारापर्यंत येत नाहीत. केळी चांगली आहेत, सगळा वॉर्ड खातो.

कडूबाच्या वेळी तुम्ही आत आला नाहीत, तेव्हा मी समजून घेतलं होतं. आता इथं सारजाबाई नाहीत, तुमची आई नाही, लाजायला कोणीच उरलं नाही. मी म्हातारी आहे आणि पोटाला पट्टी बांधून पडले आहे. भेटीची वेळ चार ते सहा. डावीकडची तिसरी खिडकी, तिथं माझी कॉट.

आत या.

वच्छला


गारखेडा
१९ जून १९९४

बन्सीराव,

तुमचं पत्र आलं. या वेळी नळीखेरीज दुसरंही काही आहे त्यात, म्हणून सावकाश उत्तर देते. टाके पूर्ण बरे झाले. मी जिना चढते, उतरते, कोपऱ्यापर्यंत भाजी आणायला जाते. बादली उचलत नाही. व्यंकटराव रोज सकाळी बटण दाबतात आणि पिंप भरलं की खालून ओरडतात. बैठकीच्या छताला परवा त्यांनी चुना मारून घेतला. डबे हलवण्याचं कोणी काढत नाही. उलट दमयंतीबाईंनी आपल्या अंगणातली तुळस आणि दोन जास्वंदी वर आणून ठेवल्या आणि त्यांनाही नळ्या जोडून घेतल्या. मीच जोडल्या. नळीची लांबी आता मला डोळ्यांनी कळते. गच्चीवर पाऊल ठेवलं की सगळे डबे एकसारखे ओले असतात आणि फरशी कोरडी असते. सकाळी त्यांच्यामधे खुर्ची टाकून चहा घेते. मला कशाची कमी नाही, हे तुम्हाला नीट कळावं म्हणून एवढं लिहिलं.

आता तुमच्या प्रश्नाचं. पण त्याआधी त्या दिवसाचं.

तुम्ही आत आलात तेव्हा मी डोळे मिटून पडले होते, पण जागी होते. तुम्ही कॉटशेजारच्या स्टुलावर बसलात आणि बराच वेळ छताकडं बघत राहिलात. मी म्हणलं, इतकी वर्षं माझ्यावर राग होता का? तुम्ही म्हणालात, "राग कशाचा? वच्छला, मला वार्डात पाय टाकता येत नाय. आत आलं की सरू दिसती."

मी हे तुमच्याकडून ऐकेन असं मला कधी वाटलं नव्हतं. आपण सरूला घेऊन आलो होतो, तेव्हा घाटीचं हे मोठं दालन नव्हतं, जुनं हॉस्पिटल होतं. उलट्या-जुलाबानं पोरीच्या अंगातलं पाणी सरलं होतं. तुम्ही तिला खांद्यावर घेऊन वॉर्डात शिरलात आणि मोकळ्या हातांनी बाहेर आलात. तिला बाटली लावेपर्यंत उशीर झाला होता. त्या एका दिवसानं मी वॉर्डात शिरले ती रिटायर होईपर्यंत बाहेर आले नाही, आणि तुम्ही बाहेर आलात ते परत आत शिरला नाहीत. मी समजत होते की तुम्हाला पोरीचं काही वाटलं नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही नांगर घेऊन रानात गेलात, ते मी धरून बसले होते. आणि तुम्ही समजत होता की मी तिला विसरायला शहरात आले. आपण दोघांनी एकमेकांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी केला आणि सोडून दिला. तसं झालं असतं तर कडूबा नसता, आणि माझ्या हाताखालून गेलेली पोरं नसती. मला हळहळ वाटत नाही. तुम्हीही करू नका.

मग तुम्ही एकदम म्हणालात, "कोंबडीला आत्या म्हणायची."

मला काही कळेना. तुम्ही म्हणालात की सरू अंगणातल्या तांबड्या कोंबडीला आत्या म्हणून हाक मारायची, कारण तुमच्या बहिणीची चाल तशी होती, मान पुढं काढून. आणि एकदा ती बहीणच दारात उभी असताना सरू कोंबडीमागं धावली, आत्या आत्या करत, आणि तुमची आई हसू दाबायला चुलीत फुंकर घालत बसली. बन्सीराव, हे मी साफ विसरले होते. माझ्याकडं सरूचा फोटो नाही, तिचं झबलंसुद्धा नाही, आणि तिचं बोलणं तर माझ्या कानातून केव्हाच पुसलं गेलं होतं. मला फक्त तिचा शेवटचा दिवस आठवायचा. तुम्ही कोंबडीचं सांगितलंत आणि मी हसले, तर टाके दुखायला लागले, तरी हसू थांबेना, मग तुम्हीही हसलात आणि शिकाऊ मुलगी धावत आली की सिस्टरला काय झालं. तिला काय सांगणार? पुढं सहा वाजेपर्यंत तुम्ही तिथंच स्टुलावर बसून होता. तसा संध्याकाळचा वेळ माझ्या आयुष्यात फारसा गेला नव्हता.

तुमचा प्रश्न आता. तुम्ही लिहिता, कडूबाची बायको चांगली आहे, घर मोठं आहे, केळीच्या बागेत सावली आहे, तर तू इकडं ये, माणसं काही म्हणणार नाहीत. "तू" लिहिलंत, ते मी वाचलं. माणसांचं मला भय नाही. पण मी येणार नाही. मी तुमच्या घरात सून म्हणून आले होते आणि नर्स व्हायला बाहेर पडले. मला माझ्या किल्लीची, माझ्या चहाच्या वेळेची, रेडिओ हवा तेव्हा बंद करण्याची सवय लागली आहे. मला इथं बरं वाटतं. आणि सारजाबाईंच्या स्वयंपाकघरात मला वावरता येणार नाही. ती जागा त्यांची. त्यांनी मला दिलं ते इथं गच्चीवर आहे, तेवढं पुरे आहे.

तर नाही. तुम्ही रुसाल. चार दिवस रुसा.

पण हेही खरं आहे की सरूला पाहिलेलं माणूस आता जगात कोणी राहिलं नाही. तुमची आई गेली, ती आत्या गेली, माझे मामा गेले. तुम्ही आणि मी, एवढेच. मला संसार नको, सोबत नको, आजारपणात कोणी पाणी द्यायला नको, ती सगळी व्यवस्था माझी आहे. पण सरूबद्दल बोलायला दुसरं कोणाकडं जाऊ? दमयंतीबाईंना सांगितलं तर त्या बिचाऱ्या रडतात. मला रडायचं नाही. मला ती कशी चालायची, कशावर रुसायची, भाकरीचा कोणता भाग आधी खायची, हे ऐकायचं आहे. मला आठवतं ते मी तुम्हाला सांगेन. एकदोन गोष्टी माझ्याकडंही आहेत, त्या तुम्हाला माहीत नसणार, तुम्ही रानात असायचा.

केळीची कामं उरकली की बघा. सोयगावहून सकाळची एसटी दुपारी इथं पोचते. जेवण तयार ठेवीन. राहायचं असेल तर बाहेरच्या खोलीत पंखा आहे, आणि परत कधी जायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

तिचं आणखी काही आठवलं तर लिहू नका. येऊन सांगा.

वच्छला